मंजूर, मंजूर! सहकारातले नेतृत्व आणि मूळ तत्त्वांची परतवाट

सप्टेंबर उजाडला की महाराष्ट्रात सहकारी संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभांचा हंगाम सुरू होतो. कारखाना असो, पतसंस्था असो की हाउसिंग सोसायटी, ३० सप्टेंबरच्या आत सभा उरकायची असते. सभेआधी अहवाल घरी येतो. त्याच्या पहिल्या पानावर संस्थापकांचा फोटो, आतल्या पानावर सहकाराची तत्त्वे, त्यानंतर चेअरमनचे मनोगत. या मनोगतात, संस्था कुठलीही असो, एक मजकूर हमखास सापडतो: काळ कठीण आहे, स्पर्धा वाढली आहे, अशा वेळी संस्थापकांनी घालून दिलेल्या मूळ मूल्यांकडे आपण परत गेले पाहिजे. मग सभेच्या दिवशी विषयपत्रिकेचे वाचन सुरू होते. पहिला विषय वाचून व्हायच्या आत मागच्या रांगांतून आवाज येतो, ‘मंजूर, मंजूर!’ पंधरा विषय वीस मिनिटांत मंजूर होतात आणि लोक जेवणाकडे वळतात.

मूळ मूल्यांकडे परतणे हे चांगल्या नेतृत्वाचे लक्षण, ही गोष्ट आज उद्योगांपासून राजकीय पक्षांपर्यंत सगळीकडे सांगितली जाते. ती खरी आहे की नुसतीच ऐकायला बरी, हे तपासायला सहकारासारखे दुसरे क्षेत्र नाही. इथली मूल्ये धूसर नाहीत. ती लिहिलेली आहेत, आंतरराष्ट्रीय परिषदांत मतदानाने ठरलेली आहेत, पोटनियमांत उतरलेली आहेत. नेत्यांचा तर महाराष्ट्राला तुटवडाच नाही. राज्याच्या राजकारणातली कितीतरी घराणी साखर कारखान्याच्या गव्हाणीपाशी वाढली. म्हणून प्रश्न नेमका करून विचारता येतो: सहकारातले नेते मूळ तत्त्वांकडे कधी परतले, कशामुळे परतले, आणि नुसते बोलत राहिले ते कुठे? जुन्या-नव्या उदाहरणांवरून माझे मत असे झाले आहे की नेत्याचे चारित्र्य संस्था उभी करताना निर्णायक ठरते. पुढे मात्र मूल्ये तिथेच टिकतात, जिथे ती मोडणे नेत्याला महागात पडते.

सुरुवात रॉचडेलपासून करावी लागते, कारण सगळे जण तिचा हवाला देतात. इंग्लंडमधल्या या गिरणीगावात २१ डिसेंबर १८४४ रोजी टोड लेनवरच्या एका छोट्या दुकानात पीठ, लोणी, साखर, ओटचे पीठ आणि मेणबत्त्या एवढाच माल मांडून विक्री सुरू झाली. संस्थापक २८. त्यांतले बरेचसे विणकर. एका सभासदाला एकच मत, भांडवलावर मर्यादित व्याज, खरेदीच्या प्रमाणात नफ्याची वाटणी, रोखीचा व्यवहार, शिक्षणासाठी तरतूद, ही त्यांची तत्त्वे पुढे जगभर गेली. त्यांच्याबरोबर आणखी एक साधी अट होती, ती आपल्या भाषणांत कधी येत नाही: माल भेसळ नसलेला आणि वजन पुरे. त्या काळच्या गिरणीगावांत पिठात खडूची पूड आणि चहात वाळलेला पाला मिसळणे नेहमीचे होते. म्हणजे तत्त्वज्ञानाच्या आधी तराजू आला. तो सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता आणि दुकान चालवणाऱ्यांचे घरही त्याच दुकानातल्या पिठावर चालत होते.

रॉचडेलच्या गोष्टीचा उत्तरार्ध कमी सांगितला जातो. याच मंडळींच्या पुढाकाराने १८५४ मध्ये तिथे सहकारी तत्त्वावर कापडगिरणी निघाली. नफ्यात कामगारांनाही वाटा द्यायचा, असे ठरले. गिरणी चालली, शेअर घ्यायला बाहेरचे लोक आले, त्यांची संख्या वाढली आणि १८६२ मध्ये भागधारकांनी बहुमताने कामगारांचा वाटा बंद केला. फसवाफसवी झाली नाही, कुणी तिजोरी पळवली नाही. सभा झाली, मतदान झाले, ठराव मंजूर झाला. ज्या गावात तत्त्वे जन्माला आली त्याच गावात आठ वर्षांत ती लोकशाही मार्गाने गुंडाळली गेली. ‘सुवर्णकाळ होता, नंतर ऱ्हास झाला’ असे ज्यांना वाटते त्यांनी ही तारीख लक्षात ठेवावी. ऱ्हास स्थापनेच्या पिढीतच सुरू होऊ शकतो.

ही तत्त्वे दगडावरची रेघही नव्हेत. १८९५ मध्ये लंडनला स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय सहकारी संघाने १९३७, १९६६ आणि १९९५ अशी तीनदा ती नव्याने मांडली. त्यांतल्या १९६६ च्या मांडणीसाठी नेमलेल्या आयोगाचे अध्यक्ष होते दत्तात्रेय गोपाळ कर्वे, ग्रामोद्योगांविषयीच्या १९५५ च्या कर्वे समितीमुळे आपल्याला ठाऊक असलेले अर्थतज्ज्ञ. जगाच्या सहकाराची मूळ तत्त्वे कोणती, हे एका मराठी माणसाच्या अध्यक्षतेखाली ठरले ही अभिमानाची गोष्ट आहे आणि ती आपल्याकडे जवळजवळ विसरली गेली आहे. कर्वे आयोगाने रोखीच्या व्यवहाराचा आग्रह गाळला, राजकीय-धार्मिक तटस्थतेला स्वतंत्र तत्त्व म्हणून जागा ठेवली नाही आणि सहकारी संस्थांनी एकमेकींना साहाय्य करण्याचे तत्त्व नव्याने घातले. स्वायत्तता, म्हणजे सरकारपासून आणि बाहेरच्या भांडवलापासून स्वातंत्र्य, हे वेगळे तत्त्व म्हणून यादीत आले ते १९९५ मध्ये, मँचेस्टरच्या परिषदेत. तेव्हा ‘मूळ तत्त्वांकडे परत चला’ असे कुणी म्हटले की विचारावे लागते, १८४४ च्या, १९६६ च्या की १९९५ च्या? तटस्थतेचा प्रश्न ज्यांना अडचणीचा वाटतो ते १९६६ ची यादी धरतात, सरकारी अधिकाऱ्याचा जाच ज्यांना होतो ते १९९५ ची.

भारतात सहकार आला तोच सरकारी कायद्याने, १९०४ मध्ये. कर्जबाजारी शेतकऱ्याला सावकाराच्या तावडीतून सोडवायचे हा हेतू. पण पन्नास वर्षांनी ए. डी. गोरवाला यांच्या अध्यक्षतेखालच्या ग्रामीण पतपाहणी समितीने हिशेब मांडला तेव्हा ग्रामीण कर्जपुरवठ्यातला सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम तीन टक्के निघाला. सावकारांचा वाटा सत्तर टक्क्यांच्या आसपास होता. समितीचे म्हणणे थोडक्यात असे, की सहकार अपयशी ठरला आहे, तरी तो यशस्वी करण्यावाचून गत्यंतर नाही. आणि त्यासाठी सरकारने संस्थांच्या भागभांडवलात उतरावे. या समितीत अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ होते. सरकारी भागभांडवलाने पुढे महाराष्ट्रात कारखान्यांची रांग उभी राहिली. तिच्याबरोबरच सरकार, सत्ताधारी पक्ष आणि संचालक मंडळ यांच्यातली भिंत पहिल्या दिवसापासून पातळ राहिली, हेही खरे.

प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याची कथा इथे थोडी थांबून पाहण्यासारखी आहे. नगर जिल्ह्यात गोदावरी आणि प्रवरेच्या कालव्यांवर बागायत होती, पण उसाचा गूळ करून विकणारा शेतकरी बाजाराच्या हेलकाव्यांत बुडत होता आणि खासगी कारखाने त्याच्या जमिनी खंडाने घेऊन स्वतःच ऊस लावत होते. लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील यांचे शालेय शिक्षण फारसे नव्हते. पण १९२३ पासून गावात पतपेढी चालवण्याचा अनुभव गाठीशी होता. गाडगीळ पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक. वैकुंठभाई मेहता तीन दशकांहून अधिक काळ मुंबईच्या प्रांतिक सहकारी बँकेत मुरलेले आणि नंतर मुंबई राज्याचे अर्थमंत्री. ही तीन टोकांची माणसे एकत्र आली आणि १९५० च्या अखेरीस लोणीच्या माळावर कारखान्याचा पहिला गळीत हंगाम सुरू झाला.

या कथेत मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट वेगळीच आहे. कारखान्याचे पहिले अध्यक्ष विखे पाटील झाले नाहीत, गाडगीळ झाले आणि ते सुमारे दहा वर्षे राहिले. गावोगाव सायकलवरून, पायी हिंडून शेअर गोळा करणाऱ्या माणसाने खुर्ची अशा माणसाला दिली, ज्याचे तिथे ना शेत होते ना भावकी. गाडगिळांना उसाच्या भावात वैयक्तिक स्वारस्य नव्हते, कुणाच्या मुलाला नोकरीला लावायचे नव्हते, पुढची विधानसभा लढवायची नव्हती. याला संस्थापकांचे मोठे मन म्हणता येईल आणि ते होतेच. पण त्यात एक व्यवहारी शहाणपणही होते: सत्ता आणि स्वार्थ एका ठिकाणी येऊ न देण्याचे. विखे पाटलांनी स्वतःच्या हातांना बांध घालून घेतला. पुढच्या शंभर-दीडशे कारखान्यांनी प्रवरेची यंत्रसामग्री, पोटनियम, शिक्षणसंस्था, दवाखाना, सगळे उचलले. ही एक गोष्ट मात्र फारशी कुणी उचलली नाही.

उचलले ते काही कमी नव्हते. वारणेला तात्यासाहेब कोऱ्यांनी कारखान्याभोवती दूध संघ, बाजार, शाळा, अगदी मुलांचा वाद्यवृंद उभा केला. सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर या जिल्ह्यांत एकेका पिढीने ओसाड माळावर गाव वसवले. ‘सहकाराने काय दिले?’ असे विचारणाऱ्याने पन्नास साली या भागात किती हायस्कुले होती आणि ऐंशी साली किती, एवढेच पाहावे. समाजशास्त्रज्ञ बी. एस. बाविस्कर यांनी कोपरगाव परिसरातल्या कारखान्याचा अभ्यास करून १९८० मध्ये पुस्तक लिहिले. कारखान्यात राजकारण भरपूर आहे आणि तरीही कारखाना नीट चालतो, हे कोडे त्यांना पडले होते. त्यांच्या आणि डोनाल्ड अ‍ॅटवुड यांच्या मांडणीतून जे उत्तर पुढे येते ते असे: लहान शेतकऱ्याला आणि मोठ्या बागायतदाराला उसाचा दर टनाला सारखाच मिळतो, त्यामुळे दोघांनाही कारखाना कार्यक्षम हवा असतो, शिवाय गटातटांची चुरस असल्यामुळे कारभाऱ्याला हिशेब द्यावा लागतो. ज्या राजकारणाला आपण नाके मुरडतो तेच पहारा देत होते.

नंतर अर्थशास्त्रज्ञांनी या चित्राची दुसरी बाजू दाखवली. अभिजित बॅनर्जी, दिलीप मुखर्जी, कैवान मुन्शी आणि देवराज राय यांनी १९७१ ते १९९३ या काळातल्या जवळपास शंभर कारखान्यांची आकडेवारी तपासून २००१ मध्ये लेख प्रसिद्ध केला. त्यांचे म्हणणे असे, की जिथे सभासदांच्या जमिनींत विषमता आहे तिथे मोठ्या शेतकऱ्यांचा कारभारावर प्रमाणाबाहेर ताबा राहतो. उसाचा दर सगळ्यांना सारखाच द्यावा लागत असल्याने दर कमी ठेवायचा आणि शिल्लक पैसा आपल्या मर्जीच्या खर्चाकडे वळवायचा, हा मार्ग त्यांना सोयीचा पडतो. म्हणजे सर्वांना समान दर हे तत्त्व अक्षरशः पाळूनही लहान सभासदाला नाडता येते. तत्त्वांची नुसती उजळणी किती अपुरी आहे, याचा याहून नेमका पुरावा मला माहीत नाही.

आपल्याकडच्या चर्चेत या सगळ्यावर एकच उत्तर ऐकू येते: माणसे बिघडली. पहिली पिढी त्यागी, दुसरी व्यवहारी, तिसरी स्वार्थी. हे उत्तर सोपे आहे आणि त्यात सांगणाऱ्याचीही सोय आहे, कारण तो स्वतःला पहिल्या पिढीचा वारस म्हणवून घेऊ शकतो. रॉबर्ट मिशेल्स या जर्मन समाजशास्त्रज्ञाने १९११ मध्येच याहून कडू उत्तर दिले होते. त्याने लोकशाहीचे नाव घेणाऱ्या समाजवादी पक्षाचा अभ्यास केला आणि म्हटले की संघटना म्हटली की मूठभरांचे राज्य आले. मग माणसे कितीही भली असोत. माहिती त्यांच्याकडे, व्यासपीठ त्यांच्याकडे, कर्मचारी त्यांच्याकडे. सामान्य सभासद दमतो, घरी जातो.

मिशेल्सच्या या म्हणण्याला अपवाद सापडला तो पुढे पंचेचाळीस वर्षांनी. लिप्सेट, ट्रो आणि कोलमन यांनी १९५६ मध्ये अमेरिकेतल्या छापखाना कामगारांच्या संघटनेचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथे नेतृत्व वर्षानुवर्षे बदलत राहिले, सत्ताधारी निवडणुका हरत राहिले आणि गुपचूप कामावर परत गेले. कारण काय? संघटनेच्या आत कायमचे दोन पक्ष होते. विरोधक हे गद्दार नव्हते, ते व्यवस्थेचा भाग होते. हे वाचल्यावर आपल्याकडच्या वर्तमानपत्रांतली ती नेहमीची बातमी आठवते: अमुक कारखान्याची निवडणूक बिनविरोध, सभासदांनी दाखवलेल्या विश्वासाबद्दल अध्यक्षांचा सत्कार. बिनविरोध निवडणूक हा आपल्याकडे दागिना मानला जातो. निवडणुकीचा खर्च वाचतो, गावात तंटा होत नाही, हे फायदे खरे आहेत. पण जिथे सलग वीस-पंचवीस वर्षे दुसरे पॅनलच उभे राहत नाही तिथे एक सभासद एक मत या तत्त्वात उरते काय? मत आहे, ते टाकायची वेळच येत नाही.

दुधाकडे पाहिले की हाच मुद्दा दुसऱ्या बाजूने दिसतो. आणंदला १९४६ मध्ये त्रिभुवनदास पटेल यांनी दूध उत्पादकांचा संघ उभा केला, तीन वर्षांनी व्हर्गीस कुरियन तिथे पोहोचले. निवडून आलेला अध्यक्ष शेतकऱ्यांतला आणि कारभार चालवणारा व्यवसायातला जाणकार, ही जोडी प्रवरेतल्या विखे-गाडगीळ जोडीशी नाते सांगते, फक्त खुर्च्यांची अदलाबदल झालेली. पण आणंदच्या रचनेत एक गोष्ट उसाला कधीच जमली नाही. दूध सकाळ-संध्याकाळ डेअरीवर येते, बाईच्या डोळ्यांसमोर मोजले जाते, फॅट तिथल्या तिथे तपासली जाते आणि तिच्या दुधाचा दर तिच्या फॅटवर ठरतो. कमी लागली तर ती उद्या भांडू शकते. ऊस वर्षातून एकदा जातो. त्याचे वजन कारखान्याच्या आवारातल्या काट्यावर होते आणि साखर उतारा म्हणजे संपूर्ण कारखान्याचा सरासरी आकडा. तो अहवालात छापून येतो. आपल्या उसात किती साखर होती हे सभासदाला कळायचा मार्ग नाही. ‘काटा मारतात’ ही तक्रार ऊसपट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येते, ती अशा अंधारातूनच. प्रत्येक ठिकाणी ती खरी असेल असे नाही. पण खरी की खोटी हे सभासदाला स्वतः पडताळता येत नाही, एवढ्यानेच विश्वास झिजतो.

लिज्जत पापडाचे उदाहरण कायद्याच्या अर्थाने सहकारी संस्थेचे नाही, पण ते टाळून पुढे जाता येत नाही. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या सात गुजराती बायकांनी उसन्या ८० रुपयांवर सुरू केलेला हा उद्योग. मालकी पापड लाटणाऱ्या बहिणींची. जी पापड लाटत नाही ती सभासद नाही, आणि सभासदांतूनच कारभारणी निवडल्या जातात. सकाळी कालचे पापड द्यायचे, मजुरी घ्यायची, आजचे भिजवलेले पीठ न्यायचे. अध्यक्ष होणाऱ्या बाईनेही कधीकाळी हेच केलेले असते. बाहेरून पैसा लावून आत शिरायला दार नाही, म्हणून रॉचडेलच्या कापडगिरणीत जे घडले ते इथे घडू शकत नाही. इथे मूल्यांवर भाषणे होत नसतील असे नाही. त्यांच्यात भक्तिभावाची भाषाही आहे. पण टिकवले आहे ते दाराच्या कडीने.

आता परदेशातली दोन उदाहरणे, एक थोडक्यात. स्पेनच्या बास्क प्रांतातला माँद्रागॉन समूह १९५६ पासूनचा. सुरुवातीला सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त पगारात एकास तीन एवढेच अंतर होते, पुढे ते सैल करावे लागले. २०१३ मध्ये समूहातली सर्वांत जुनी शाखा, घरगुती उपकरणे बनवणारी फागोर, दिवाळखोरीत गेली. भावंड-संस्थांनी आणखी पैसे ओतायला नकार दिला. मात्र बेकार झालेल्या सभासद-कामगारांतल्या बहुतेकांना इतर संस्थांत सामावून घेतले किंवा मुदतपूर्व निवृत्ती दिली. कारखाना वाचवायचा की माणसे, यातले माणसे हे उत्तर त्यांच्या नियमांत आणि निधीत आधीच बांधलेले होते.

ब्रिटनचे उदाहरण अधिक अवघड आहे आणि आमच्यासारख्या मूल्यप्रेमींना टोचणारे आहे. रॉचडेलची थेट वारस असलेल्या को-ऑपरेटिव्ह समूहाची बँक नैतिक गुंतवणुकीसाठी नावाजलेली. २०१३ मध्ये तिच्या भांडवलात दीड अब्ज पौंडांचा खड्डा निघाला, त्या वर्षी समूहाला अडीच अब्ज पौंडांचा तोटा झाला. बँकेचे अध्यक्ष एक धर्मोपदेशक होते, बँकिंगचा अनुभव तुटपुंजा. लॉर्ड मायनर्स यांनी समूहाच्या कारभारावरच्या २०१४ च्या अहवालात म्हटले की पायरी-पायरीने निवडून आलेल्या संचालकांकडे एवढ्या मोठ्या उद्योगाचा कारभार तपासण्याची पात्रताच नव्हती. त्यांनी सुचवलेल्या सुधारणांना झालेला सुरुवातीचा विरोध मूल्यांच्याच नावाने झाला: बाहेरचे तज्ज्ञ आले तर लोकशाही जाईल. अखेर मे २०१४ मध्ये सभासदांनी बदल मान्य केले. बँक मात्र समूहाच्या हातून गेली, वर्षानुवर्षे गुंतवणूक निधींच्या ताब्यात राहिली आणि जानेवारी २०२५ मध्ये कॉव्हेंट्री बिल्डिंग सोसायटी या सभासदांच्याच मालकीच्या संस्थेने ती घेतली. हा प्रसंग वाचल्यापासून ‘मूल्यांकडे परत’ ही हाक ऐकली की मी आधी बघतो, हाक देणारा कुठल्या प्रश्नापासून दूर पळतो आहे का.

आपल्या सहकारी बँकांबद्दल असेच म्हणता येते. महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेचे संचालक मंडळ मे २०११ मध्ये बरखास्त झाले तेव्हा पक्षापक्षांतली थोर मंडळी त्यात होती. २३ सप्टेंबर २०१९ रोजी पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले आणि खातेदारांना सुरुवातीला फक्त १,००० रुपये काढता येत होते. एकाच बांधकाम समूहाला दिलेली प्रचंड कर्जे हजारो बनावट खात्यांआड लपवल्याचा आरोप तपास यंत्रणांनी ठेवला. मुंबईतले रिक्षावाले, गृहिणी, निवृत्त माणसे महिनोन्‌महिने रस्त्यावर होती. त्यातून काय बदलले? ठेव-विम्याची मर्यादा एक लाखावरून पाच लाखांवर गेली, कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीने रिझर्व्ह बँकेचे अधिकार वाढले. सभासदाचे अधिकार तितकेच राहिले. ठेवीदाराला संरक्षण मिळाले ते ग्राहक म्हणून, मालक म्हणून नव्हे.

कायद्याने मूल्ये परत आणण्याचा सर्वांत मोठा प्रयत्न म्हणजे ९७ वी घटनादुरुस्ती, फेब्रुवारी २०१२ पासून अमलात आलेली. सहकारी संस्था स्थापण्याला मूलभूत अधिकाराचा दर्जा मिळाला. ऐच्छिक स्थापना, स्वायत्त कारभार, लोकशाही नियंत्रण आणि व्यावसायिक व्यवस्थापन ही चार सूत्रे मार्गदर्शक तत्त्वांत गेली. संचालकांची संख्या २१ पर्यंत, मुदत पाच वर्षे, दोन जागा महिलांना, एक अनुसूचित जाती-जमातींना. सहकार हा राज्यांचा विषय असून निम्म्या राज्यांची संमती घेतलेली नव्हती, म्हणून जुलै २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यातला मोठा भाग राज्यांतल्या संस्थांपुरता रद्द ठरवला. त्याच महिन्यात केंद्रात सहकार मंत्रालय जन्माला आले होते. महाराष्ट्राने २०१३ मध्ये ‘क्रियाशील सभासद’ ही अट आणली: पाच वर्षांत किमान एका सभेला हजेरी आणि संस्थेच्या सेवेचा किमान वापर. हेतू चांगला, बेगडी सभासद गाळण्याचा. पण ऊस कुणाचा घ्यायचा, हजेरीपत्रक कुणाच्या हातात, हे ठरवणारे संचालकच असतील तर हीच अट नको असलेला सभासद गाळायलाही चालते. म्हणून हजेरी कोण मांडतो याची तजवीज नसेल तर अशा नियमाचा मला भरवसा वाटत नाही.

खरी परतवाट कुठे दिसली असेल तर ती शेतकरी आंदोलनांतून. शेतकरी नेते शरद जोशींनी सहकाराला सरकारशाहीचे दुसरे नाव म्हटले आणि झोनबंदीवर टीका केली. एका कारखान्याच्या क्षेत्रातला ऊस दुसऱ्याला घालायचा नाही, असा तो नियम होता. झोनबंदी उठली, खासगी कारखाने आले, आणि सहकारी कारखान्याच्या चेअरमनला पहिल्यांदा कळले की सभासद शेजारच्या गव्हाणीत जाऊ शकतो. राजू शेट्टींच्या संघटनेने कोल्हापूर-सांगलीत दरवर्षी हंगामाच्या तोंडावर पहिल्या उचलीसाठी रस्ते रोखले. ऊस गेल्यापासून १४ दिवसांत पैसे, नाहीतर १५ टक्के व्याज, ही तरतूद १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात होती. ती वसूल करायला मोर्चे लागले. या आंदोलनांत अतिरेक झाले, टायरी जळल्या, राजकारणही झाले. तरी उसाला दर देण्यात कारखान्यांत चढाओढ लागली ती प्रामुख्याने या दोन दबावांमुळे, चेअरमनच्या मनोगतांमुळे नव्हे. गंमत अशी की सभासदाचा मालकी हक्क त्याला परत मिळवून दिला तो सहकाराच्या विरोधकांनी आणि स्पर्धकांनी.

स्पर्धेवर सगळी भिस्त ठेवणेही धोक्याचे आहे. राज्यात अलीकडच्या हंगामांत दोनशेच्या आसपास कारखाने गाळप करतात, त्यांतले जवळपास निम्मे खासगी. त्यांतले काही आधी सहकारी होते, कर्जात बुडाले आणि लिलावात गेले. अनेक ठिकाणी सहकारी कारखान्याचे पुढारी आणि खासगी कारखान्याचे मालक एकाच घरात जेवतात. दोन गव्हाणी एकाच हातात असतील तर शेतकऱ्याला निवड उरत नाही. शिवाय दोन कारखान्यांत ठरावीक हवाई अंतर राखायचे बंधन आहे, म्हणजे नवा स्पर्धक सहजासहजी येत नाही.

या सगळ्या चर्चेत एक माणूस कुठेच नाही. खुले सभासदत्व हे सहकाराचे पहिले तत्त्व, सर्व याद्यांत पहिल्या क्रमांकाचे. साखर कारखान्यात सभासद व्हायला ऊस लागतो, उसाला पाणी आणि सातबारा लागतो. सातबारा बहुधा पुरुषाच्या नावावर असतो, त्यामुळे शेतात राबणाऱ्या बाईचे नाव भागधारकांच्या यादीत क्वचितच येते. ऊस तोडणारा तर त्या यादीच्या आसपासही नाही. बीड, नगर, जालना, परभणी या कोरडवाहू मुलखातून लाखो माणसे दिवाळीनंतर कोयता घेऊन निघतात. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता मोजतात. त्यांचा करार मुकादमाशी, उचल मुकादमाकडून. बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण पाहून राज्य सरकारने २०१९ मध्ये समिती नेमली, तेव्हा शहरांतल्या लोकांना हे जग पहिल्यांदा दिसले. सत्तर वर्षांत कुठल्या कारखान्याने तोडणी कामगाराला शेअर दिला, सभेत मत दिले, संचालक मंडळावर एक जागा दिली? रॉचडेलच्या भागधारकांनी १८६२ मध्ये कामगाराचा वाटा काढून घेतला. इथे तो देण्याचा विषय विषयपत्रिकेवर आलेलाच नाही.

कारखाने म्हणतात, तोडणी मजूर हंगामी असतो, दरवर्षी बदलतो, त्याला सभासद कसे करणार? अडचण खोटी नाही. पण अनेक टोळ्या वर्षानुवर्षे त्याच कारखान्याला येतात, त्यांच्या तीन पिढ्यांचे टनेज कारखान्याच्या दप्तरात मुकादमाच्या नावाने नोंदलेले आहे. ते कामगाराच्या नावाने नोंदवायला पोटनियमाची एक दुरुस्ती आणि एक रजिस्टर लागेल. हे करायची वेळही फार उरलेली नाही. तोडणी यंत्रे सरकारी अनुदानावर शिवारात येऊ लागली आहेत. सभासद-शेतकऱ्यांच्या नावे, कंत्राटदारांच्या नावे घेतली जात आहेत. तोडणी कामगारांच्या टोळीच्या नावाने, सहकारी संस्था करून, ती घ्यायला एखाद्या संचालक मंडळाने कर्जाची हमी द्यावी, असा ठराव येत्या सप्टेंबरात कुठे मांडला गेला, तर त्या सभेला मागच्या रांगेतून ‘मंजूर’ म्हणण्याआधी बरेच भांडण होईल.